१०० मीटरला गोळ्या एकावर एक, ६०० मीटरला विखुरतात: नेमकं चुकतंय कुठे?

सहाशेवाला

नमस्कार मंडळी. रायफल .३०८, नळी ५१ सें.मी. (२० इंच), गोळी १७५ ग्रेन (वजनाचं माप), कारखान्यातली मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) काडतुसं. खोक्यावर वेग ७९० मीटर प्रति सेकंद लिहिलाय. स्कोप ०.१ मिल क्लिकचा (मिल हे कोनाचं माप, १०० मीटरला १० सें.मी.), झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेलं अंतर, १०० मीटरला. पोझिशन प्रोन (पालथं झोपून), पुढे बायपॉड (दोन पायांचा आधार), मागे वाळूची पिशवी.

१०० मीटरला पाच गोळ्यांचा ग्रूप (भोकांचा पुंजका) साधारण २५ मि.मी. येतो. ६०० मीटरला गोळीची घसरण काढणाऱ्या ॲपने सांगितलेले ५.४ मिल लावले, तर दहा गोळ्या आडव्या ४५ सें.मी. आणि उभ्या ३० सें.मी. पसरल्या. वर आणखी म्हणजे सगळा ग्रूप मध्यापासून सुमारे २० सें.मी. खाली. वारा "फार नव्हता".

नळी बदलावी, काडतूस बदलावं, की स्कोप?

---

ओलंबा

तिन्ही राहू द्या. आधी उभा आणि आडवा पसारा वेगळा करा, कारण दोघांची कारणं वेगळी असतात.

१०० मीटरला २५ मि.मी. म्हणजे ०.२५ मिल. तेच ६०० ला सरळ गुणलं तर १५ सें.मी. पण तो पाच गोळ्यांचा ग्रूप आहे आणि ६०० ला तुम्ही दहा मारल्यात. गोळ्या वाढल्या की टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर वाढतंच, त्यात रायफलचा दोष नाही. पाचावरून दहावर गेलं की हे अंतर सरासरी सव्वापट होतं. म्हणजे तुमची रायफल आणि तुम्ही मिळून ६०० ला सुमारे १९ सें.मी.चा ग्रूप मारता, हा पाया धरा. बाकीचं बाहेरून आलंय.

उभ्या ३० पैकी मोठा वाटा वेगातल्या फरकाचा असणार. या गोळीला ६०० मीटरवर वेगात १० मी./से. फरक पडला की गोळी सुमारे १० सें.मी. वरखाली होते. ९०० वर तोच फरक जवळजवळ ३० सें.मी. होतो. एकाच खोक्यातल्या काडतुसांत सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांच्यात १५ मी./से. अंतर सापडणं नवलाचं नाही. १०० मीटरला हे दिसतच नाही, म्हणून तिथे ग्रूप गोड वाटतो.

आता २० सें.मी. खाली का, ते. खोक्यावरचा वेग बहुतेक वेळा ६१ सें.मी. (२४ इंच) चाचणी-नळीतला असतो. या काडतुसात दर इंचामागे ६ ते ८ मी./से. वेग जातो. तुमची नळी चार इंच आखूड. म्हणजे खरा वेग ७६० ते ७६५ च्या आसपास असण्याची दाट शक्यता, आणि २५ मी./से.ला २५ सें.मी. असा हिशेब लावला तर तुमचे २० सें.मी. तिथेच सापडतात. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) किमान दहा गोळ्या मोजा, सरासरी ॲपमध्ये घाला. खोक्यावरचा आकडा ॲपमध्ये घालणं सोडा.

आडव्या ४५ चं उत्तर "फार नव्हता" या दोन शब्दांत आहे. त्यावर वाऱ्याची वही येऊन लिहितीलच.

---

रिकामी नळी

ओलंबांशी सहमत, फक्त एक भर. तो १९ सें.मी.चा "पाया" सगळा रायफलचा नसतो, त्यात नेमबाजाचा हिस्साही असतो. तो कमी करायला गोळी लागत नाही.

प्रोनमध्ये बायपॉडवर पहिली तपासणी शरीराच्या रेषेची. नळीची रेषा मागे वाढवली तर ती खांद्यातून, छातीच्या कडेने, त्याच बाजूच्या कमरेतून जायला हवी. तिरके झोपलात तर झटका बसल्यावर रायफल एका बाजूला उडी मारते. ही खूण स्कोपमध्येच दिसते: गोळी सुटल्यावर क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) सरळ वर जाऊन परत लक्ष्यावर आला तर ठीक. दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडे जाऊन बसत असेल तर कंबर हलवा, हात नको. नीट बसलेल्या पोझिशनमध्ये ६०० मीटरला स्वतःची गोळी लागताना स्वतःला दिसते. गोळीला तिथे पोचायला जवळपास एक सेकंद लागतो, तेवढ्यात रायफल जागेवर आलेली असते.

दुसरी तपासणी नैसर्गिक नेमाची. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. क्रॉसहेअर सरकला असेल तर तुम्ही तो स्नायूंच्या जोरावर धरून ठेवला होता. आडवं सरकलं तर कंबर आणि पाय हलवा. उभं सरकलं तर मागची पिशवी दाबा किंवा सैल करा. ही तपासणी दर गोळीला नाही, पण दर वेळी नव्याने झोपलात की करायचीच.

गाल कुंद्यावर दर वेळी एकाच जागी आणि एकाच दाबाने. स्कोप पाहायला मान उचलावी लागत असेल तर गालाखालचा भाग उंच करा, मान नको. स्कोपच्या कडेला काळी चंद्रकोर दिसली की डोळा मध्यात नाही.

श्वास: अर्धा सोडा, किंवा पूर्ण सोडून नैसर्गिक थांब्यात गोळी सोडा, दोन्ही चालतं. दर वेळी तेच करा म्हणजे झालं. थांबा पाच ते आठ सेकंदांचा. त्यापुढे डोळ्यासमोरचं चित्र मळायला लागतं आणि तरीही "आता सुटेलच" म्हणून माणूस ट्रिगर हिसकतो. आठ सेकंद झाले, सुटली नाही, तर बोट काढा, श्वास घ्या, पुन्हा सुरू.

ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग, दाब सरळ मागे. गोळी सुटल्यावरही ट्रिगर मागेच दाबून ठेवा, झटका पूर्ण संपेपर्यंत. लगेच बोट उडवणाऱ्यांची चूक बहुधा गोळी सुटण्याआधीच सुरू झालेली असते, उडालेलं बोट हा तिचा शेवट.

---

सहाशेवाला

शरीर तिरकं आहे हे नक्की, क्रॉसहेअर कायम उजवीकडे जाऊन बसतो. ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या रायफलने ट्रिगरचा सराव, किती आणि कसं करायचं?

---

रिकामी नळी

दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. दोन तास करून कंटाळलेल्या बोटाला वाईट सवयी लागतात.

क्रम असा ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत, दार बंद. नेम धरायचा त्या दिशेला गोळी अडेल अशी भिंत हवी, पार्टिशन किंवा खिडकी चालणार नाही. सराव संपल्यावर "एक शेवटचं" करायचं नाही. काडतुसं परत खोलीत आल्यावर मारलेला तो शेवटचा ड्राय फायर हाच अपघातांचा ठरलेला क्षण.

तुमच्या .३०८ सारख्या सेंटरफायर रायफलला ड्राय फायरने सहसा काही होत नाही, तरी उत्पादकाची सूचना बघा. .२२ रिमफायरला मात्र डमी किंवा तशी सोय असल्याशिवाय नको. तिथे फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड बिघडवते.

नळीवर टोकाजवळ एक नाणं आडवं ठेवा. ट्रिगर पडल्यावर नाणं पडता कामा नये. दहापैकी दहा वेळा टिकलं की नाणं उभं ठेवून बघा. आणि रेंजवर जोडीदाराकडून मॅगझिन भरून घ्या, त्यात मधेच दोन-तीन डमी काडतुसं टाकायला सांगा, कुठे ते तुम्हाला न सांगता. डमीवर ट्रिगर पडला आणि नळी खाली बुचकळली की दचका पकडला गेला. या परीक्षेपुढे कोणाचीही बढाई टिकत नाही.

---

वाऱ्याची वही

आता आडवे ४५.

या गोळीला साडेचार मी./से.चा पूर्ण आडवा वारा ३०० मीटरला सुमारे ०.७ मिल, ६०० ला १.६ मिल, ९०० ला २.८ मिल ढकलतो. त्याला एकावर आणा: ६०० मीटरला वाऱ्यात १ मी./से. चूक म्हणजे सुमारे २१ सें.मी., ९०० ला अर्ध्या मीटरहून जास्त. आता तुमचे ४५ सें.मी. बघा. पाया १९ चा, वर वारा दोन्ही बाजूंनी एक-एक मी./से.ने हलला की हिशेब पुरा. आणि १ मी./से. बदल अंगाला जाणवतसुद्धा नाही. "फार नव्हता" असाच वारा सर्वांत जास्त गुण खातो, कारण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

एफ-क्लास या लांब अंतराच्या स्पर्धेत १००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ सुमारे १ एमओए (कोनाचं आणखी एक माप), म्हणजे १० इंच व्यासाचं असतं. मध्यापासून कडेपर्यंत १३ सें.मी.सुद्धा नाही. .३०८ ने ते राखायचं तर वाऱ्याचा अंदाज पाव मीटर प्रति सेकंदाच्या आत हवा. त्यासमोर रायफल ०.२५ मिलची की ०.२० ची, याने काय फरक पडणार?

दिशेचा गुणक पाठ करा. लक्ष्याच्या रेषेशी १५ अंशांवर वाऱ्याचा पाव भाग लागू होतो, ३० अंशांवर अर्धा, ४५ वर ०.७, ६० वर जवळजवळ ०.९, ९० वर पूर्ण. ४५ अंश म्हणजे अर्धा कोन, म्हणून अर्धा वारा, ही चूक सर्रास होते.

सर्वांत फसवा वारा समोरून किंवा पाठीमागून येणारा. समोरून ४ मी./से. आहे, पण तो १५ अंश डावीकडून १५ अंश उजवीकडे झुलतोय. रायफलमागे झोपलेल्याला वाटतं वारा तसाच आहे. प्रत्यक्षात आडवा हिस्सा १ मी./से. डावीकडून आणि १ मी./से. उजवीकडून असा पालटतोय, म्हणजे ६०० मीटरवर ४० सें.मी.चा झोका. तुमचा ४५ याच जातीचा असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. अशा वेळी झेंडा ज्या बाजूला जास्त वेळ राहतो ती बाजू निवडा आणि तो तिथे असतानाच मारा.

वेग मोजायला हातातला वातमापक घ्या, पण तो फक्त तुमच्या नाकासमोरचा वारा सांगतो. पुढचा वारा झाडं, गवत, धूळ आणि मृगजळ सांगतं. चेहऱ्याला वारा लागतो, पानं सळसळतात: साधारण १.६ ते ३.३ मी./से. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा पसरतो: ३.४ ते ५.४. धूळ आणि कागद उडतात: ५.५ ते ७.९. हा ब्यूफोर्टचा जुना तक्ता, अजून तितकाच कामाचा.

---

चार क्लिक

मृगजळाबद्दल जरा सविस्तर लिहा ना. स्पॉटिंग स्कोपमध्ये (लक्ष्य बघायच्या वेगळ्या दुर्बिणीत) नुसती थरथर दिसते, तिच्यातून वारा वाचायचा कसा ते कळत नाही.

---

वाऱ्याची वही

स्पॉटिंग स्कोप आधी लक्ष्यावर स्वच्छ फोकस करा. मग फोकस हळूच जवळ आणा, लक्ष्य किंचित धूसर होईपर्यंत. आता तुम्ही मधल्या अंतरावरची हवा बघताय आणि लाटा ठळक दिसतात. कडा स्पष्ट असलेली वस्तू निवडा, म्हणजे लक्ष्याच्या फळीची वरची कड किंवा नंबराची पाटी.

लाटा सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा नाही, किंवा तो तुमच्या रेषेतून येतोय. किंचित कललेल्या लाटा: एक-दीड मी./से.पर्यंत. ४५ अंशांत वाहत्या: दोन ते तीन. सपाट धावत्या: चार ते पाच. त्यापुढे सगळ्या सपाटच दिसतात आणि मृगजळ उपयोगाचं राहत नाही, तेव्हा झेंड्याकडे वळा.

"उकळी" दिसताच मारू नका. बहुतेक वेळा ती वारा बाजू बदलत असतानाची असते. दोन-तीन सेकंद थांबा, लाटा कुठल्या बाजूला झुकतात ते बघा.

आणि एकाच झेंड्यावर विश्वास नको. नळीजवळचा वारा गोळीला सुरुवातीलाच कोन देतो आणि तो कोन पुढचं सगळं अंतर चालत राहतो, म्हणून जवळच्या झेंड्याला मान द्या. पण जवळच्या भागात भिंत किंवा बांध असेल आणि मधला पट्टा उघडा असेल तर मधला झेंडा वजनदार. गोळी त्या अंतराला जमिनीपासून बरीच वर गेलेली असते आणि वर वारा जास्त असतो, हेही धरा.

---

तीनच पुरे

एवढं गणित कशाला? तीन गोळ्यांचा ग्रूप मारा, मध्य काढा, झीरो करा. तीन गोळ्या एका नाण्याखाली येतात तर रायफल चोखच आहे.

---

ओलंबा

तीन गोळ्यांचा ग्रूप त्याच रायफलच्या दहा गोळ्यांच्या ग्रूपपेक्षा सरासरी दीडपटीहून लहान येतो, ते पाहून माणूस खूश होतो, बस. झीरोसाठी तर तो फारच कच्चा. सहाशेवाल्यांची रायफल घ्या: एकेका गोळीचं विचलन ८ मि.मी.च्या आसपास. तीन गोळ्यांच्या मध्याची चूक १०० मीटरला सहज ५ मि.मी. निघते, क्वचित दुप्पटही. म्हणजे अर्धा ते एक क्लिक. ६०० मीटरला तेच ३ ते ६ सें.मी. दहा गोळ्यांच्या मध्याची चूक याच्या जवळपास निम्मी.

दहा गोळ्या, एकाच लक्ष्यावर, नळी फार तापू न देता. सगळ्या भोकांचा मध्य काढा, चांगल्या दिसणाऱ्या सातांचा नको. "ती एक हातून गेली" म्हणून वगळायची तर भोक बघण्याआधी तसं सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि हो, झीरो नळीच्या नेहमीच्या अवस्थेत करा. साफसफाईनंतरच्या पहिल्या दोन-चार गोळ्या कित्येक नळ्यांत वेगळ्या लागतात. तुमची किती गोळ्यांत स्थिरावते ते वहीत लिहून ठेवा आणि स्पर्धेआधी तितक्या मारून घ्या.

---

सहाशेवाला

क्रोनोग्राफवर दहा गोळ्या: सरासरी ७६३, सर्वांत कमी ७५५, सर्वांत जास्त ७७१. म्हणजे ओलंबांचा अंदाज बरोबर. नवा वेग घातल्यावर ॲप ५.४ ऐवजी ५.८ मिल सांगतंय.

पण आता शंका अशी की ५.८ फिरवल्यावर स्कोप खरोखर ५.८ सरकतो का?

---

ओलंबा

या शंकेला उंच लक्ष्याची चाचणी हे उत्तर. अर्धा दिवस लागतो, एकदाच करायची.

दीड मीटर उंच कागद १०० मीटरवर टांगा. १०० मीटर फीत लावून मोजा, रेंजची पाटी खरी धरू नका. कागदावर ओलंबा सोडून त्या दोरीवर उभी रेघ मारा. तळाशी नेमाचा ठिपका. तिथून वर बरोबर १०० सें.मी. अंतरावर आडवी रेघ. १०० मीटरला १ मिल म्हणजे १० सें.मी., तेव्हा १० मिल म्हणजे ही वरची रेघ.

शून्यावर पाच गोळ्या ठिपक्यावर. मग टरेट (स्कोपवरची फिरवायची टोपी) १० मिल वर फिरवून, नेम त्याच खालच्या ठिपक्यावर धरून, पाच गोळ्या. दोन्ही ग्रूपच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ९८ सें.मी. आलं तर तुमचा स्कोप १० च्या जागी ९.८ सरकतो. ॲपमध्ये ०.९८ हा गुणक घाला किंवा आकडा ०.९८ ने भागून लावा. शेवटी टरेट शून्यावर आणून पुन्हा दोन गोळ्या मारा. ठिपक्यावर परत आल्या नाहीत तर स्कोप किंवा माउंट दुरुस्तीला द्या, त्यावर गणिताचा इलाज नाही.

वरचा ग्रूप उभ्या रेघेपासून बाजूला गेला तर स्कोप कलता बसलाय. १०० सें.मी. चढताना पावणेदोन सें.मी. बाजूला म्हणजे १ अंश. हा १ अंश ९०० मीटरला सुमारे १७-१८ सें.मी. आडवा खातो आणि तुम्ही वाऱ्याला शिव्या देता. स्कोपवर पाणसळ बसवा, क्रॉसहेअर ओलंब्याशी जुळवून मगच ती घट्ट करा, आणि दर गोळीआधी बुडबुड्याकडे एक नजर टाका. रायफल कलती धरली तरी चूक तीच होते.

स्क्रू टॉर्क रेंचनेच. स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर, रेलवरचे आडवे बोल्ट ५ ते ७, ॲल्युमिनियमच्या बैठकीत ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू ७ च्या आसपास. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. रिंग जास्त आवळली की स्कोपची नळी दबते आणि टरेट अडकत चालतो, मग चाचणीत ९८ च्या जागी दर वेळी वेगळाच आकडा येतो.

---

चार क्लिक

पॅरॅलॅक्सचाही, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकल्यासारखा दिसण्याचाही, मुद्दा इथेच. आधी आयपीस फिरवून क्रॉसहेअर धारदार करा, स्कोप पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे धरून, सूर्यापासून दूर. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो. मग रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता डोकं किंचित वरखाली करा. क्रॉसहेअर लक्ष्यावर पोहताना दिसला तर बाजूचं चाक फिरवा, पोहणं थांबेपर्यंत. चाकावरचे आकडे अंदाजाचे असतात, ६०० लिहिलंय म्हणून ६०० ला बरोबर असेलच असं नाही.

एक प्रश्न माझाही. वाऱ्यासाठी टरेट फिरवावा की क्रॉसहेअरच्या खुणांवर नेम सरकवावा?

---

वाऱ्याची वही

उंचीसाठी टरेट, वाऱ्यासाठी खुणा, हे माझं मत. वारा बदलला की टरेट फिरवायला डोळा आणि हात जागचे हलतात, तेवढ्यात वारा पुन्हा बदलतो. फक्त वारा एकाच बाजूने जोरात वाहत असेल तर मूळ अंदाज टरेटवर लावा आणि वरचा फरक खुणांवर धरा.

रीत दोन. पहिली: सर्वांत जास्त वेळ टिकणारा वारा ओळखा, त्यासाठी नेम ठरवा, आणि तो परत आला की लागोपाठ मारा. भोक कुठे पडलं ते लवकर दाखवून मिळत असेल तर ही चांगली. दुसरी: दर गोळीला वारा वाचून नेम बदलत जा. भोक दाखवण्यात वेळ जात असेल तर हिला पर्याय नाही. दोन्हींत आधी कमाल आणि किमान ठरवा. समजा, आज वारा ०.४ ते १.२ मिलच्या मध्ये खेळतोय. मग मागची गोळी काहीही सांगो, नेम या चौकटीबाहेर न्यायचा नाही.

नवशिक्यांचं हमखास काय होतं? गोळी डावीकडे गेली की पुढची तितकीच उजवीकडे धरतात. तोवर वारा पडलेला असतो, गोळी आता उजवीकडे. मागच्या भोकाचा पाठलाग हा आडव्या पसाऱ्याचा मोठा कारखाना आहे. त्यावर उपाय वही. दर गोळीला, भोक दिसण्याआधी, दोन गोष्टी लिहा: ट्रिगर सुटला तेव्हा क्रॉसहेअर कुठे होता, आणि वारा किती धरला. मग भोक मांडा. नेम मध्यात, भोक डावीकडे: वाऱ्याची चूक. नेम डावीकडे, भोक डावीकडे: तुमची चूक, वाऱ्याला हात लावू नका.

९०० मीटरला उजव्या पिळाची (आतल्या खाचा उजवीकडे वळणारी) नळी वारा नसतानाही गोळी वीसेक सें.मी. उजवीकडे नेते. ६०० ला ते थोडं असतं, ॲपमध्ये पर्याय असेल तर चालू ठेवा.

---

तीनच पुरे

दहा गोळ्यांचं मान्य, आकडे बोलतात. पण काडतुसाचं काय? माझ्याकडे १६८ ग्रेनची मॅच गोळी १०० आणि ३०० ला १७५ पेक्षा चांगली बसते. १००० यार्डांना तीच का नको?

---

ओलंबा

३०० मीटरला खुशाल वापरा. १६८ ग्रेनची ती प्रसिद्ध मॅच गोळी मुळात ३०० मीटरच्या नेमबाजीसाठीच बनवली होती. तिच्या शेपटीचा उतार १३ अंशांचा आहे. वेग आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मी./से.च्या आसपास उतरायला लागला की ती डगमगते, आणि .३०८ मधून १००० यार्डांना ती नेमकी त्याच टप्प्यात पोचते. लक्ष्यावर गोल भोकांऐवजी लांबट भोकं दिसली की समजा. १७५ चा उतार ९ अंशांचा, ती हा टप्पा शांतपणे पार करते.

सहाशेवाल्यांच्या काडतुसात ७५५ ते ७७१, म्हणजे १६ मी./से.चं अंतर आहे. ६०० ला त्याचे १६ सें.मी. हे कमी करायचं तर दुसऱ्या लॉटची (कारखान्यातल्या खेपेची) दोन-तीन खोकी मोजून बघा, आणि आवडलेला लॉट एकदम घ्या. लॉट बदलला की झीरो आणि वेग पुन्हा मोजायचे. काडतुसं उन्हात ठेवू नका, तापलेल्या चेंबरमध्ये भरून दोन मिनिटं वारा बघत बसू नका. दारू तापली की वेग वाढतो आणि गोळी वर जाते. आधी वारा ठरवा, मग बोल्ट बंद.

---

रिकामी नळी

सुरक्षेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. .३०८ ची गोळी मोकळी सुटली तर चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, .२२ सुद्धा दीड किलोमीटर. म्हणून लांब अंतराचा सराव फक्त परवाना असलेल्या, मागे पुरेसा बांध असलेल्या रेंजवर, रेंज अधिकाऱ्याच्या हुकमाखाली. मारत नसाल तेव्हा बोल्ट उघडा, चेंबरमध्ये झेंडी, पुढे कोणी गेलं तर रायफलला हात नाही.

ट्रिगर पडला आणि गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज दबका आला किंवा झटका नेहमीपेक्षा कमी बसला तर पुढची गोळी भरण्याआधी बोल्ट काढून नळीतून आरपार बघा. गोळी नळीत अडकली असेल तर पुढची गोळी नळी फाडते. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. रेंजवरून आल्यावर काही खाण्याआधी हात-तोंड धुवा, शिसं पोटात जातं.

---

सहाशेवाला

शरीर सरळ केलं, वेग दुरुस्त केला, उंच लक्ष्याच्या चाचणीत १० मिलला ९९ सें.मी. आले, म्हणून ५.९ लावले. ६०० ला दहा गोळ्या: उभा पसारा २२, आडवा ३४, मध्य ३ सें.मी. खाली. वहीत लिहिल्याप्रमाणे आडव्या बाहेर गेलेल्या चारही गोळ्यांत नेम मध्यात होता.

एक विचित्र गोष्ट: शेवटच्या तीन गोळ्या सलग वर चढत गेल्या. वेगाचा फरक असता तर वरखाली झाल्या असत्या ना?

---

ओलंबा

बरोबर पकडलंत. सलग एकाच दिशेने सरकणारा ग्रूप तापमानाकडे बोट दाखवतो. नळी तापली की तिच्यावरून गरम हवा उठते आणि स्कोपसमोर थरथरते, लक्ष्याची प्रतिमा असते त्यापेक्षा वर दिसते, तुम्ही त्या प्रतिमेवर नेम धरता. नळीवर कापडी पट्टा ताणून बसवा, गरम हवा कडेने निघून जाते. दुसरी शक्यता तापलेल्या चेंबरची, वर लिहिलंय तेच. तिसरी म्हणजे पुढचा भाग कुंद्याला टेकणं: कागदाची एक पट्टी नळी आणि कुंद्याच्या मधून ॲक्शनपर्यंत सरकवून बघा, थंड असताना आणि तापल्यावरही. अडकली तर नळी तिथे टेकतेय.

पुढच्या वेळी पाच गोळ्या, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. चढण थांबली तर पट्टा बसवून सलग दहा मारा. पट्ट्यानेही थांबली तर प्रतिमाच चढत होती. पट्ट्याने न थांबता फक्त विश्रांतीने थांबत असेल तर चेंबर किंवा कुंदा.

---

वाऱ्याची वही

आणि त्या चार गोळ्यांच्या नोंदी इथे टाका: कितव्या क्रमांकाच्या, धरलेला वारा, भोक कुठे. सगळ्या एकाच बाजूला असतील तर तुम्ही वारा कायम कमी धरताय. दोन इकडे दोन तिकडे असतील तर बदल उशिरा दिसतोय, आणि मग स्पॉटिंग स्कोप कुठे उभा केलाय ते विचारावं लागेल. तो रायफलच्या इतका जवळ हवा की डोकं न उचलता, फक्त दुसरा डोळा उघडून त्यात बघता येईल.

---

सहाशेवाला

३, ४, ७ आणि ८ क्रमांक. धरलेला वारा चारही वेळा ०.५. तिसरी-चौथी डावीकडे, सातवी-आठवी उजवीकडे. स्पॉटिंग स्कोप उजव्या हाताला दीड मीटरवर आहे, उठून बघावं लागतं.

---

वाऱ्याची वही

मग डाव्या बाजूला आणा, डाव्या डोळ्यासमोर, तिपाई आखूड करून. आणि पुढच्या दहा गोळ्यांत वहीत एक रकाना वाढवा: वारा शेवटचा बघितल्यापासून ट्रिगर सुटेपर्यंत किती सेकंद गेले. पाचाच्या वर आकडा दिसला की ती गोळी जुन्या वाऱ्यावर मारलेली.